किती सांगायचे, कोणाला सांगायचे

प्रश्न: मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, आठवडाभर वसतिगृहात राहते आणि शनिवारी कदंबच्या बसने घरी जाते. चतुर्थीनंतर माझे काहीतरी बिघडले. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. एकदा टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण मोजून घालण्याचा प्रयोग) करताना छातीत धडधडू लागले, ब्युरेटची तोटी बंद करायला हात वळेना, फ्लास्कमधले द्रावण गर्द गुलाबी होऊन गेले आणि मी नुसती बघत उभी राहिले. तेव्हापासून मी प्रात्यक्षिके टाळते. एक अंतर्गत चाचणी बुडाली, हजेरी घसरली आणि सत्र परीक्षा महिन्यावर आली आहे. बारावीत असेच थोडे झाले होते, तेव्हा एका शिक्षकांनी वर्गासमोर ‘नाटके पुरे’ असे म्हटले होते. त्यामुळे आता कोणापुढे तोंड उघडवत नाही. आईने ग्रामदेवी सातेरीला कौल लावला. बाबा म्हणतात, झेपत नसेल तर घरी ये. मावशी बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) नर्स आहे, म्हणजे बांबोळीला गेले की साऱ्या गोतावळ्यात बातमी. विद्यापीठात सांगितले तर ते माझ्या कागदपत्रांना कायमचे चिकटेल का? पुढे नोकरीचे, लग्नाचे काय? कधी कधी वाटते, उद्याची सकाळ झालीच नाही तर बरे होईल. मदत मागायची तर कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत?
– एक विद्यार्थिनी, सत्तरी

उत्तर: तुझ्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मी आधी उचलते, कारण हजेरी, परीक्षा आणि अर्ज यांच्याविषयी मी जे लिहिणार आहे ते सगळे त्या वाक्यानंतर येते. सकाळ झालीच नाही तर बरे, असे वाटणे आणि स्वतःचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येणे यांत अंतर असते, पण ते अंतर एखाद्या वाईट रात्री फार कमी होऊ शकते. म्हणून तुला सरळच विचारते: जीव देण्याचा विचार मनात येतो का? कसा, कुठे, कधी असे काही मनाने ठरवून ठेवले आहे का? उत्तर होकारार्थी असेल तर हे पत्र खाली ठेव, शेजारच्या खोलीतल्या मुलीला किंवा वॉर्डनना उठव आणि एकटी राहू नकोस. गोमेकॉचा अपघात विभाग रात्रभर उघडा असतो आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. उत्तर नकारार्थी असले तरी १४४१६ हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये घालून ठेव. ही केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली, तिला पैसे पडत नाहीत, ती चोवीस तास चालते आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. पहाटे तीनला जाग आल्यावर छताकडे बघत पडून राहण्यापेक्षा तो क्रमांक लावणे केव्हाही बरे. त्यासाठी आधी अगदी टोकाला पोहोचावे लागते असे मुळीच नाही.

आता तुझ्या तब्येतीविषयी. पत्रावरून निदान करणे मला शोभणार नाही, कारण मी डॉक्टर नाही. मी महाविद्यालयात जन्मभर शिकवले आणि विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी ऐकली, एवढाच माझा अधिकार. पण तू लिहिलेली लक्षणे डॉक्टरांपुढे ठेवण्याजोगी आहेत हे सांगायला तेवढा अधिकार पुरेसा आहे. मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप मोडणे, या गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकल्या आणि त्यांमुळे रोजचे काम अडू लागले, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. तुझे तर दोन महिने उलटून गेले आहेत. प्रयोगशाळेत जे झाले ते भीतीच्या झटक्यासारखे दिसते. असा झटका काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि आपोआप ओसरतो. त्या वेळी मात्र आता आपण कोसळणार, याची माणसाला खात्रीच वाटते. हीच लक्षणे थायरॉइडच्या बिघाडाने किंवा रक्त कमी असल्यानेही दिसू शकतात, म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितले तर ते टाळाटाळ करीत आहेत असे समजू नकोस.

कुठे जायचे? सरकारी व्यवस्थेत पहिले नाव बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेचे, जिला सगळे ‘आयपीएचबी’ म्हणतात. तुमचे विद्यापीठ आहे त्या ताळगावच्या पठारावरून ती चार-पाच किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर बाह्यरुग्ण विभागात जावे, केसपेपर काढावा आणि थांबावे लागेल हे धरून बरोबर काही खायला न्यावे. पहिल्या भेटीत डॉक्टर बहुधा विचारतील ते असे: झोप, भूक, वजन, पाळी, घरात कोणाला असा त्रास होता का, दारू किंवा अन्य कशाचे सेवन, आणि मी वर विचारला तोच मरणाविषयीचा प्रश्न. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत हा अनेकांचा अनुभव आहे, म्हणून वहीच्या पानावर चार ओळी लिहून ने: केव्हापासून, काय काय होते, त्यामुळे काय काय बुडाले. मला लिहिलेस ते पत्र डॉक्टरांपुढे ठेवलेस तरी चालेल. ब्युरेटच्या त्या एका वाक्यातून त्यांना पुष्कळ कळेल.

मावशीची भीती मला समजते. गोवा एवढासा, आणि सत्तरीतल्या माणसाला पणजीच्या बसस्टँडवर ओळखीचे कोणी भेटले नाही असा दिवस विरळाच. तरीही दोन गोष्टी ध्यानात घे. बांबोळीला जाण्याची कारणे शंभर असतात. तिथे दिसलेल्या माणसाला कोणी लगेच कारण चिकटवत नाही. दुसरी गोष्ट कायद्याची आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा आहे आणि २०१८ पासून तो लागू आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे तुझा आजार आणि तुझे उपचार यांची माहिती गोपनीय ठेवणे हे उपचार करणाऱ्यांवरचे बंधन आहे. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे, उपचारासाठी दुसऱ्या डॉक्टरांना माहिती लागणे, न्यायालयाने मागणे, असे थोडे अपवाद आहेत. मावशीचे कुतूहल त्यांत बसत नाही. तू सज्ञान आहेस, त्यामुळे साध्या बाह्यरुग्ण तपासणीसाठी आईवडिलांची संमती लागत नाही. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांग की माझे नातेवाईक याच परिसरात काम करतात आणि त्यांना हे कळू नये अशी माझी इच्छा आहे. हे सांगण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांविषयी थोडे आधीच सांगून ठेवते, कारण मुली गोळ्या सोडतात त्या नेमक्या पहिल्या पंधरवड्यात. नैराश्यावर सामान्यतः ज्या गोळ्या दिल्या जातात त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. मळमळ, अस्वस्थता, झोपेतला बदल असे त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवतात. म्हणजे आधी त्रास आणि मागाहून गुण, असा उलटा क्रम असतो, आणि तो माहीत नसला की ‘याने तर अधिकच बिघडले’ असे वाटून पाकीट कपाटात जाते. पंचविशीच्या आतल्या रुग्णांच्या मनात या सुरुवातीच्या आठवड्यांत मरणाचे विचार वाढत नाहीत ना, याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. तसे काही वाटले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचे. या गोळ्यांची नशा लागत नाही, पण त्या एकदम बंदही करायच्या नसतात. बंद करताना डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. आणि तू रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहेस म्हणून एक जास्तीची सूचना: गोळीने गुंगी येते का, हात कापतो का, हे पहिल्या आठवड्यात नीट पाहा आणि तसे होत असेल तर ॲसिडच्या बाटल्यांशी काम करण्याआधी प्रयोगशाळेतल्या शिक्षकांना ‘सध्या औषध चालू आहे’ एवढे तरी सांग.

गोळ्यांबरोबर, आणि काही वेळा गोळ्यांविनाही, बोलण्याचा उपचार चालतो. यातले एक महत्त्वाचे काम आपल्या गोव्यातच झाले आहे, आणि ते आपल्याच लोकांना फारसे माहीत नाही याचे मला वाईट वाटते. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत असे दाखवून दिले की नीट प्रशिक्षण दिलेले, डॉक्टर नसलेले स्थानिक समुपदेशकही सहा ते आठ बैठकांत नैराश्याच्या रुग्णांना बरे व्हायला मदत करू शकतात; तो अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्या पद्धतीचा गाभा साधा आहे. मन ताळ्यावर आल्यावर कामाला लागू, अशी वाट न पाहता आधी एखादे लहानसे, ठरलेल्या वेळेचे काम करायचे आणि त्याने मनावर काय परिणाम झाला ते टिपून ठेवायचे. तुझ्यासाठी असे काम म्हणजे प्रात्यक्षिकाच्या दिवशी फक्त प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जाऊन येणे, इतके लहानही असू शकते. समुपदेशकाबरोबर बसून अशी कामे ठरवता येतात, आणि ती एकटीने ठरवण्यापेक्षा सोपी जातात.

आता विद्यापीठ. तू विचारतेस, कोणत्या शब्दांत? माझ्या मते तुझ्या साऱ्या काळजीची किल्ली इथेच आहे. तुला वाटते आहे की मदत मागायची म्हणजे आपल्या आजाराचे नाव साऱ्या खात्यापुढे उघडे करायचे. तसे करण्याची गरज नाही. डॉक्टरांना सगळे सांगायचे. समुपदेशकाला बरेचसे सांगायचे. विभागप्रमुखांना मात्र एवढेच कळणे पुरे की तू वैद्यकीय उपचार घेते आहेस, त्यामुळे अमुक गोष्टी बुडाल्या आणि त्यांवर तुला अमुक उपाय हवा आहे. डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेताना तसे सांगितलेस तर ‘अमुक तारखेपासून उपचाराखाली आहे, या काळात नियमित उपस्थिती शक्य नव्हती’ अशा शब्दांत ते देता येते; त्यात निदान लिहिलेच पाहिजे असे नाही. वर्गातल्या मैत्रिणींना काय सांगायचे हा सर्वस्वी तुझा प्रश्न. ‘बरे नव्हते’ हे खरेच आहे आणि पुरेसेही आहे.

तू सत्तरीची आहेस, देवळात गाऱ्हाणे घालताना तू लहानपणापासून ऐकले असशील. गाऱ्हाणे घालणारा मानकरी ‘लेकरू संकटात आहे, काय ते बघ’ एवढे म्हणून थांबत नाही. लेकरू कोणाच्या घरचे, संकट कसले, केव्हापासून, मागणे नेमके काय, आणि मागणे पुरे झाल्यावर लेकरू काय फेडणार, हे सारे तो क्रमाने मांडतो, आणि मग भोवतीची माणसे ‘होय महाराजा’ म्हणतात. तुझा अर्ज त्याच घडणीचा असू दे. अर्ज बहुधा इंग्रजीत द्यावा लागेल, पण आधी मराठीत मांडून बघ, म्हणजे काय मागायचे ते तुझे तुलाच स्पष्ट होईल. साधारण असे: ‘मी अमुक वर्गाची, अमुक क्रमांकाची विद्यार्थिनी. अमुक तारखेपासून माझी प्रकृती बरी नसून मी वैद्यकीय उपचार घेत आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. या काळात अमुक विषयाची अंतर्गत चाचणी आणि अमुक चार प्रात्यक्षिके बुडाली. ती चाचणी पुन्हा देण्याची आणि प्रात्यक्षिके दुसऱ्या तुकडीबरोबर पूर्ण करण्याची परवानगी मिळावी, तसेच हजेरीतील तूट वैद्यकीय कारणास्तव विचारात घ्यावी. राहिलेले सर्व काम मी अमुक तारखेपर्यंत पूर्ण करीन.’ शेवटचे वाक्य गाळू नकोस. मागणाऱ्याने आपल्या बाजूची तारीख दिली की देणाऱ्यालाही होय म्हणणे सोपे जाते.

हा अर्ज परीक्षेच्या आधी जायला हवा, आणि तोही लेखी. याविषयी मी इतक्या आग्रहाने का लिहिते ते सांगते. मी शिकवत होते त्या काळात माझ्या वर्गात एक मुलगा होता, हुशार, मागच्या बाकावर बसणारा. त्याने अर्ज लिहिला होता. सत्राचा निकाल लागून तो नापास झाल्यावर त्याने तो खिशातून काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवला. चार घड्यांचा तो कागद घड्यांवर इतका झिजला होता की उलगडताना मधोमध फाटला. तीन आठवडे तो रोज तो अर्ज खिशात घालून कॉलेजला येत होता आणि कार्यालयाच्या दारावरून परत जात होता. तारीख उलटून गेल्यामुळे मग आमच्यापैकी कोणालाच काही करता आले नाही, आणि त्याआधी आमच्यापैकी एकानेही त्याला ‘तुझे काय चालले आहे’ असे विचारले नव्हते. ही चूक त्याची नव्हती, आमची होती. पण वर्ष त्याचे गेले.

म्हणून अर्ज एकटीने नेणे जड जात असेल तर कोणाला तरी बरोबर घे. आधी समुपदेशकाकडे जा. संस्थेत समुपदेशन कक्ष असेल तर बहुतेक वेळा तेच विभागाशी बोलण्याची वाट काढून देतात. नाहीतर शिक्षकांपैकी जी व्यक्ती तुझे ऐकून घेईल असे वाटते तिला गाठ. ती तुझी मेंटॉर म्हणून नेमलेली असेल तर उत्तमच, नसेल तरी चालेल. मनातून कोण बरे वाटते याला इथे पदापेक्षा अधिक किंमत आहे. समोरासमोर बोलवत नसेल तर ‘मला दहा मिनिटे हवी आहेत, विषय प्रकृतीचा आहे’ असा दोन ओळींचा ईमेल पाठव. अर्जाची प्रत स्वतःजवळ ठेव आणि तिच्यावर आवक शिक्का घे. नुसते तोंडी आश्वासन मिळाले तर त्याच दिवशी ‘आज आपण असे ठरवले’ असा ईमेल करून ते कागदावर आण. अविश्वास म्हणून हे करायचे नाही. परीक्षेच्या गडबडीत माणसे खरोखरच विसरतात.

हजेरीची अट बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांची असते आणि वैद्यकीय कारणास्तव तीत किती सूट द्यायची हे त्या त्या विद्यापीठाच्या अध्यादेशात लिहिलेले असते. तो अध्यादेश कार्यालयातून किंवा संकेतस्थळावरून मिळवून स्वतः वाच. वरच्या वर्गातल्या मुलांच्या सांगण्यावर विसंबू नकोस. सूट घेऊनही आकडा जुळत नसेल तर एक सत्र मागे राहणे हाही पर्याय आहे, पण तो तू, डॉक्टर आणि विभाग यांनी मिळून ठरवायचा. ‘झेपत नसेल तर घरी ये’ हे बाबा मायेने म्हणतात, यात मला शंका नाही. परंतु कोणाला काही न सांगता, अर्ज न करता घरी निघून जाणे आणि रीतसर सत्र लांबवणे यांत फार फरक आहे: पहिल्यात जागा, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली खोली यांचे काय होईल ते दैवाधीन, आणि दुसऱ्यात परतीचा रस्ता कागदावर लिहिलेला असतो.

कागदपत्रांना ते चिकटेल का, या तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर असे. गुणपत्रिकेवर आणि पदवी प्रमाणपत्रावर आजार लिहिण्याची रीत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र विभागाच्या फायलीत राहील, आणि म्हणूनच त्यात निदान नसलेले बरे. मी वर सांगितलेल्या कायद्याच्या कलम ३ मध्ये असेही म्हटले आहे की पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून कोणालाही पुढे मानसिक रुग्ण ठरवता येत नाही, आणि मानसिक आजार आहे म्हणजे ती व्यक्ती विकलमनस्क (कायद्याच्या दृष्टीने मनाचा तोल ढळलेली) आहे असा अर्थ होत नाही. तसे केवळ सक्षम न्यायालयच ठरवू शकते. नोकरीच्या वेळी काही ठिकाणी वैद्यकीय तपासणी असते आणि तिथे विचारले तर खोटे सांगू नये, असे माझे मत आहे. पण उपचार घेऊन बरी झालेली आणि पदवी हातात असलेली मुलगी त्या प्रश्नाला ज्या पायावर उभी राहून उत्तर देईल, तो पाया उपचार टाळून शिक्षण अर्धवट सोडलेल्या मुलीला मिळत नाही. लग्नाविषयी आज विचार करू नकोस एवढेच सांगते. तो प्रश्न येईल तेव्हा ज्याच्याशी संसार करायचा त्याला तू स्वतः, तुझ्या शब्दांत, सांगशील.

कोणी तुला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राविषयीही सुचवील. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार हा त्यांतला एक आहे. दीर्घ काळ चाललेल्या आजारात स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम या चार अंगांनी किती अडथळा येतो हे ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीवर मोजतात, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक भरले तर आरक्षणासारखे लाभ मिळतात. ज्यांना अनेक वर्षे हा त्रास आहे त्यांच्यासाठी ही वाट फार मोलाची आहे. तुझे दोन-तीन महिन्यांचे दुखणे आहे. आज तुला त्याची गरज दिसत नाही, आणि चाचणी पुन्हा देण्याची परवानगी मागायला असले प्रमाणपत्र लागत नाही.

समज, विभागातून ‘बघू’ म्हणून टाळले, किंवा बारावीत ऐकलेस तसे काही पुन्हा ऐकावे लागले, तर? ते बोलणे त्या माणसाचे, संस्थेचा नियम नव्हे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे, आणि टेली मानससारख्या सेवांचे क्रमांक वसतिगृहात व वर्गांत ठळकपणे लावले पाहिजेत, हे त्यांत आहे. वेगळा कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो आणि तिच्या निर्णयाविरुद्ध विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. तुला तिथवर जावे लागेल असे मला वाटत नाही. दार ठोठावताना आपल्या पाठीशी काय आहे ते ठाऊक असावे, म्हणून लिहिले.

राहिले आई-बाबा. आईने कौल लावला याचा राग मानू नकोस. मुलीला काहीतरी होते आहे हे तिने तुझ्या सांगण्याआधी ओळखले आणि तिला जे दार माहीत होते ते तिने ठोठावले. तिला देवळापासून तोडू नकोस. देवाचे देवाला आणि डॉक्टरांचे डॉक्टरांना, असे आपल्या गावांतली शहाणी माणसे तापासर्दीला करतच आली आहेत. फक्त कोणी घाडीभगताच्या सांगण्यावरून गोळ्या बंद करायला लावू लागले तर तिथे ठामपणे नाही म्हण. घरी सांगताना नैराश्य हा शब्द वापरलाच पाहिजे असे नाही. ‘आई, मला दोन महिने झोप नाही, जेवण जात नाही, मी डॉक्टरांना दाखवले, त्यांनी औषध दिले आहे’ हे वाक्य कोणत्याही आईला कळते. शनिवारी घरी गेल्यावर बाबांना सगळ्यांदेखत सांगण्यापेक्षा रविवारी ते बागायतीत पाणी सोडायला किंवा कशाला जातात तेव्हा त्यांच्याबरोबर जा. काही बापांना समोर बसून असले ऐकवत नाही, हाताला काम असले की ऐकता येते. मावशीला केव्हा सांगायचे ते नंतर बघ. कदाचित पुढे तुझ्या बाजूने सर्वांत पक्की तीच उभी राहील, पण तो निर्णय तुझा.

तर आता असे कर. आज रात्री मैत्रिणीला विचारून ठेव की सोमवारी सकाळी ती बांबोळीपर्यंत तुझ्याबरोबर येईल का. तिला कारण सांगायचे नसेल तर तपासणी आहे एवढे सांग. तिथून प्रमाणपत्र मिळाले तर मंगळवारी अर्ज, पहिल्या भेटीत नाही मिळाले तर अर्जात ‘प्रमाणपत्र मागाहून सादर करीन’ असे लिहून मंगळवारीच अर्ज. पहाटे तीनला जाग आली तर फोनवर अभ्यासक्रम आणि हजेरीचे टक्के मोजत बसू नकोस. दिवा लाव, पाणी पी, आणि विचार काळे होऊ लागले तर १४४१६. अर्जाचा मसुदा मला पाठवलास तर मी तो त्याच दिवशी वाचून परत पाठवीन, आणि तो या सदरात छापणार नाही.